उजव्या पायावरचा भार

तोल हा गुण सरळ उभ्या राहणाऱ्यांचाच, अशी आपली समजूत असते. वस्तुतः देहाच्या एका उणेपणाला उरलेला सारा देह सावरून घेतो, आणि त्या सावरण्यातच माणसाची ओळख साठलेली असते. चाकूरच्या रेणुकादास सोनारांना हे पंचेचाळिसाव्या वर्षी उमगले. उमगले तेव्हा त्यांनी निःसंकोच शिष्यपद पत्करले.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षे. कचेरीच्या कागदांवर फसली सन १३५०, म्हणजे इसवी १९४०-४१, लिहिला जाई. रेणुकादास देवघरात पुजायचे चांदीचे टाक घडवीत. त्यांच्यापाशी आजोबांचा पितळी ठसा होता. मुखाच्या नऊपट उंची, समपाद म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार, दोन्ही खांदे एका रेषेत. त्यावर पत्रा ठोकला की पूर्वज सिद्ध! पंचक्रोशीतले सारे दिवंगत या एकाच रूपाने देवघरांत उभे होते आणि कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार घेऊन आल्या धोंडाबाई. त्यांचे पती दगडोबा यांचे वर्षश्राद्ध चार दिवसांवर आले होते. घरात त्यांची एकही तसवीर नव्हती. पुढच्या पिढ्यांना दिसणार होता तो हा टाकच.

ठशावरून घडवलेला टाक पुढे धरून त्यांनी विचारले, "सोनारदादा, ह्यो कोण हाय?"

"तुमचे मालक, मावशी."

"एवढं सरळ तर ते लग्नातबी उभारले नव्हते!"

बालपणी गाडीचे चाक डाव्या पायावरून गेल्याने दगडोबांचा तो पाय आखूड राहिला होता. रेणुकादासांनी ठसा बाजूला सारला आणि भिंतीवर कोळशाने आकृती रेखली. डावा पाय तेवढा आखूड. बाकी देह शास्त्राप्रमाणे.

धोंडाबाईंनी मान हलवली. "हे तर पडाय लागलेत की. जन्मात कधी पडले न्हाईत ते."

रेणुकादासांनी कोळसा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मावशी, मी त्यांना नीट पाहिलंच नाही. तुम्हीच दाखवा."

धोंडाबाईंनी पदर खोचला. डाव्या गुडघ्यावर हात टेकून त्या अंगणात चार पावले चालल्या.

"आत्या, लोकं बघतेत की!" सोबत आलेली सून केवळाबाई पदराआड हसली.

"बघू दे."

मग त्या थांबल्या. सारा भार उजव्या पायावर, डावी टाच अधांतरी, उजवा खांदा किंचित ढळलेला, हनुवटी मात्र वर. सुनेचे हसू विरले. "अगं बाई! मामाच की," ती पुटपुटली आणि नकळत तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

रेणुकादासांनी सुताला खडा बांधला आणि सूत धोंडाबाईंच्या गळ्याच्या खळगीसमोर धरले. खडा नेमका उजव्या टाचेवर स्थिरावला. भिंतीवरच्या आकृतीवर धरले, तर तो दोन्ही पायांमध्ये लोंबला; भार कुठल्याच पायावर नव्हता. त्यांनी ती आकृती पुसून टाकली.

तिसऱ्या दिवशी ठशाविना, केवळ हाताने उठवलेला टाक त्यांनी धोंडाबाईंच्या तळहातावर ठेवला. ढळलेल्या खांद्यावरून धोंडाबाईंनी अंगठा फिरवला आणि त्या टाकालाच म्हणाल्या, "चला आता घरी."

त्यानंतर रेणुकादास टाक घडवण्याआधी विचारीत, "ते उभे कसे राहायचे?"

रेणुकादासांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. दुकान राहिले नाही. ठसा कुठे गेला, कुणास ठाऊक. चाकुरात धोंडाबाईंच्या घरी दोन बोटे उंचीचा एक टाक आहे. त्यातला माणूस उजव्या पायावर उभा आहे.