गालाखालची पट्टी

कात्रजच्या पुढे आमची शूटिंग रेंज आहे. तिथे दर रविवारी एक वृद्ध गृहस्थ आपली जुनी शॉटगन घेऊन येत. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकडीवरचा त्यांचा नेम सहसा चुकत नसे. आजारपणानंतर मात्र छर्रे तबकडीच्या खालून जाऊ लागले. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "काका, बंदूक एकदा दाखवून घ्या."

"बंदुकीला काय धाड भरलीय? गाल राहिले नाहीत."

दस्त्यावर गाल टेकतो तिथे ते फेल्टची पट्टी चिकटवत. गाल बसल्यामुळे खाली गेलेला डोळा पुन्हा नळीच्या रेषेत येई आणि नेम बसे. काही दिवसांनी परत चुकू लागला, की पट्टीवर आणखी एक पट्टी चढे.

गेल्या रविवारी त्यांनी बंदूक माझ्यापुढे धरली. "चालवून बघा." मग माझा चेहरा नीट न्याहाळून सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या. "खाल्लेलं अंगी लागलंय तुमच्या. तुम्हाला नकोत या."

पहिलीच तबकडी फुटली. बंदूक परत देऊन मी खाली पडलेल्या पट्ट्या गोळा केल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या.

"राहू द्या," ते म्हणाले, आणि बंदूक पुसून पेटीत ठेवली.