रिग्मोरच्या चित्रात निघालेली गाय

रिग्मोर होल्कच्या चित्रात गाय निघाली, ही बातमी तिला तिच्या धाकट्या बहिणीनं, एल्सेबेथनं, फोनवरून दिली. घरात साप निघाल्यावर शेजारीण सांगते ना, तशा आवाजात.

"कुठल्या चित्रात?" रिग्मोरनं विचारलं.

"आमच्या डेअरीतल्या. टॉर्किलला सोडतीत लागलेलं. ते करडं. म्हणजे तुझी सगळीच करडी असतात म्हणा. मोठं करडं."

"एल्सेबेथ, त्यात गाय नाहीये. त्यात काहीच नाहीये. त्यात काही नसावं म्हणून मी आख्खा हिवाळा घातलाय."

"अगं, मी तेच सांगितलं त्यांना! म्हटलं, माझ्या बहिणीला गाय काढताच येत नाही, सगळ्या शाळेला माहितीये. पण मग मी नीट बघितलं." एल्सेबेथनं आवाज खाली आणला. "रिग्मोर, तिला शिंगं आहेत गं."

रिग्मोरनं रिसीव्हर ठेवला आणि ब्रश धुवायला घेतले. ते आधीच धुतलेले होते.

डेन्मार्कमधल्या उत्तर युटलंडच्या त्या बंदरगावात रिग्मोरनं सगळा जन्म काहीही न काढण्यात घालवला होता. लोकांना वाटतं, त्यात काय अवघड? एकदा करून बघावं. कॅनव्हासवर रंग पडला रे पडला की त्यात कोणी ना कोणी येऊन बसतंच. आज नाक, उद्या होडी, परवा चर्चचा मनोरा. रिग्मोर त्यांना 'पाहुणे' म्हणायची. बंदरावरची मासे धुरात सुकवण्याची जुनी शेड तिनं भाड्यानं घेतली होती. भिंतींना अजून हेरिंग माशांचा वास होता, आणि तिच्या कोटालाही. तिथे रोज काम संपलं की पाहुण्यांची झडती व्हायची. चित्र चारही बाजूंनी फिरवायचं. आरशात बघायचं. शेवटी चित्राकडे पाठ करून ओणवं व्हायचं आणि स्वतःच्या दोन पायांमधून बघायचं. भुवईसारखं जरी काही दिसलं तरी सुरी घेऊन खरवडून टाकायचं. एवढं सगळं झाल्यावर अखेरची तपासणी पोस्टमन ओस्वाल्डकडे.

"काही दिसतंय?"

"काही नाही."

"नीट बघ. त्या कोपऱ्यात?"

"रिग्मोर, आईशपथ सांगतो, काही म्हणजे काही दिसत नाही."

मग ती खूश होऊन त्याला कॉफी आणि दालचिनीचा पाव द्यायची. ओस्वाल्डनं 'काही नाही' म्हटलं की चित्र पूर्ण झालं.

हे सगळं सुरू झालं ते खरं तर एका गाईपासूनच. गावच्या शाळेत मोठ्यांचा आणि धाकट्यांचा, दोन्ही वर्ग एकाच खोलीत भरत. रिग्मोरनं एकदा गाय काढली. जीव ओतून, पार शेपटीच्या गोंड्यापर्यंत. बाईंनी कागद उंच धरला आणि विचारलं, "सांगा बरं मुलांनो, हे काय आहे?"

"सोफा!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

"पाद्र्याची बायको!"

आणि धाकट्यांच्या रांगेतून एल्सेबेथ, सख्खी बहीण, हात वर करून, शहाण्यासारखी उभी राहून म्हणाली, "कुत्रा. पायांवरून कळतं."

घरी वडिलांनी तो कागद कंदिलाजवळ नेऊन बघितला. त्यांच्या गोठ्यात पुष्कळ गाई होत्या. ते म्हणाले, "असली गाय माझ्या गोठ्यात जन्मली तर मी डॉक्टर नाही बोलावणार. पाद्री बोलावीन."

त्या दिवसापासून रिग्मोरनं चित्रातल्या वस्तू सोडल्या. कोणी दारू सोडतं तशा. कोपनहेगनला चित्रकला शिकायला गेली तर तिथे कळलं की वस्तू सोडलेल्यांचा एक अख्खा पंथच आहे आणि त्यांना मानही मिळतो. गावात मान मिळायचा नाही, पण गावाकडे डेअरी होती, आणि डेअरीत कामगारांचं कला मंडळ होतं. दर महिन्याला सगळे थोडी थोडी वर्गणी भरत, मंडळ त्यातून चित्रं घेई, आणि वर्षाअखेरीस सोडत निघे. रिग्मोर गावची म्हणून तिचं एक चित्र दर वर्षी घ्यायचंच, असा ठरावच होता. ते ज्याला लागे त्याच्या पाठीवर बाकीचे हात ठेवत. एका साली लोणी विभागातल्या माणसानं ते पोपटाच्या पिंजऱ्यामागे लावलं. पोपट बोलायचा थांबला. घरचे खूश.

या वर्षी लागलं ते टॉर्किलला, दुधाच्या टँकरवरच्या ड्रायव्हरला. त्याच्या बायकोनं ते उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, म्हणून त्यानं ते डेअरीच्या कँटीनमध्ये आपल्या खुर्चीसमोर टांगलं. रोज राय धान्याचा काळा पाव खाताना समोर तेच. मग एकदा तापात कामावर आला, पाव तोंडाशी नेला, आणि हात तसाच राहिला.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रिग्मोर कँटीनमध्ये पोचली. कोट काढला नाही, टोपी काढली नाही.

"दाखव."

टॉर्किलनं हातातल्या पावाच्या तुकड्यानं दाखवलं. "हे शिंग. हे पोट. ही गळ्याखाली लोंबणारी पोळी. आणि ही बघ, ही माझ्याकडे बघतेय."

"हे टर्पेंटाइन आहे. ओघळून सुकलंय."

"असेल ना. गाईलासुद्धा कशाचं तरी बनावंच लागतं."

"टॉर्किल, मी ह्याच्या प्रत्येक बोटभर जागेवर सुरी चालवलीये."

"म्हणूनच जरा बिचकलेली दिसते ती."

रिग्मोरला काहीही दिसत नव्हतं. ती टेबलांच्या मधोमध ओणवी झाली आणि पायांमधून बघितलं. तरी नाही. चीज विभागातले दोघे सूप घेऊन चालले होते, त्यांनी तिच्या बाजूनं वळसा घेतला.

"उभी आहे," पहिला सहज म्हणाला.

"लोणीवाले म्हणतात बसलीये," दुसरा म्हणाला.

"लोणीवाले काहीही म्हणतात."

तेवढ्यात मंडळाचा अध्यक्ष प्रेबेन आला. चीजच्या कोठाराचा प्रमुख. पांढरी टोपी, पांढरे बूट, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. "रिग्मोर! अभिनंदन! इतकी वर्षं तुझी चित्रं घेतली, पहिल्यांदा लोक बघतायत गं. आपण हे दर्शनी हॉलमध्ये लावायचं, खाली पितळेची पाटी. 'धुक्यातली गाय'."

"पाटी लागली तर मी येऊन ती गाय खरवडून काढीन."

"नाहीये म्हणतेस ना? मग खरवडणार काय?" प्रेबेननं विचारलं.

रिग्मोर चित्राकडे एक पाऊल सरकली. टॉर्किल खुर्ची मागे सारून चित्राच्या आणि तिच्या मधे येऊन उभा राहिला. धिप्पाड माणूस, पण आवाज खाली आला. "दिवसभर मी दूध नेतो, रिग्मोर. गोठ्याच्या मागनं नळी लावायची, भरलं की निघायचं. वर्षानुवर्षं एक गाय माझ्याकडे बघितलेली नाही. हिला हात लावायचा नाही."

"अरे, भांडता कशाला?" प्रेबेन दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून म्हणाला. "आपण काय जंगलात राहतो? सभा आहे की. मत घेऊ."

आणि यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही. रिग्मोरलासुद्धा नाही. गावातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी किती गरम असावं इथपासून नव्या पाद्र्याच्या कुत्र्यानं भुंकावं की नाही इथपर्यंत सगळं सभेतच ठरलं होतं. ठरलं की पाळायचं, कुत्र्यानंही पाळलं होतं.

सभा कँटीनमध्ये भरली. चित्र खुर्चीवर ठेवलं होतं, पहिल्या रांगेत, एखाद्या सभासदासारखं. आधी उभं राहून गाणं झालं. मग सभा चालवायला माणूस निवडायचा, प्रेबेनलाच निवडलं. अहवाल झाला, वर्गणी झाली, नवीन सभासद म्हणून रिग्मोरला करून घेतलं, कारण सभासद नसलेल्याला मत देता येत नाही. मग प्रेबेननं घंटी वाजवली.

"विषय सहावा. चित्रात गाय आहे काय? आहे ठरलं तर पाटी लागेल. नाही ठरलं तर रिग्मोरला तिला पाहिजे ते खरवडायची मुभा. केक या विषयानंतर, हे लक्षात ठेवून बोलावं."

लोणी विभागानं लगेच दुरुस्ती सुचवली: 'गाय' ऐवजी 'बसलेली गाय'. चीजवाल्यांनी हरकत घेतली. दुरुस्ती पडली. तसे लोणीवाले हाताची घडी घालून म्हणाले, "बसलेली नसेल तर मग ती गायच नाही," आणि सगळेच्या सगळे विरोधात गेले.

रिग्मोर उभी राहिली. तिनं भाषण पाठ केलं होतं, पण ते आठवेना. "मला एवढंच सांगायचंय," ती म्हणाली, "मी तुम्हाला कधी काही दाखवलं नाही. हे सोपं नव्हतं. तुम्हाला एक तरी जागा असावी, जिथे तुम्हाला काही ओळखावं लागत नाही, कोणी विचारत नाही की सांगा बरं हे काय. तेवढं एकच मला करता येतं. तेही तुम्ही घेतलंत तर..." आणि ती खाली बसली. तिनं पटकन ओस्वाल्डकडे बोट केलं. "याला विचारा! यानं तपासलंय! ओस्वाल्ड, सांग, काही दिसलं होतं?"

ओस्वाल्ड पाहुणा म्हणून मागे भिंतीला टेकला होता. त्यानं टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

"दिसली होती," तो म्हणाला.

"काय?"

"गाय. दारातूनच दिसली. त्याआधी एकदा गलबत होतं. एकदा माझी सासू." तो बुटांकडे बघत राहिला. "काही दिसतंय म्हटलं की तू कॉफी द्यायची नाहीस, सुरी घ्यायचीस."

सभेत कोणी हसलं नाही. कॉफीचा प्रश्न तिथे कोणी थट्टेवारी नेत नसे.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं, घडी करून चीजच्या रिकाम्या डब्यात टाकायची. एकेक जण चित्रासमोरून जात होता, शेवटचं बघत होता. रिग्मोर सर्वांत शेवटी उठली. उजव्या हाताच्या अंगठ्याला सकाळचा करडा रंग अजून ओला होता, तसाच पेन्सिलीला लागला. तिनं 'न' लिहायला पेन्सिल टेकवली आणि सहज मान वर केली.

आणि तिला ती दिसली.

टॉर्किलची नव्हे. पाठ सोफ्यासारखी. चेहरा जरा पाद्र्याच्या बायकोसारखा, थोडा नाराज, थोडा प्रेमळ. पाय कुत्र्याचे. शेपटीला गोंडा, तोही केस न् केस काढलेला. इतक्या वर्षांत सुरीखाली, टर्पेंटाइनखाली, थरावर थर, ती कुठेच गेली नव्हती. कागद उंच धरल्यावर जशी उभी होती तशीच उभी होती, कोणीतरी बरोबर ओळखेल म्हणून वाट बघत.

रिग्मोरला 'नाही' लिहिता येईना. 'आहे' लिहिणं तर त्याहून अशक्य. मग तिनं तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती. चिठ्ठीवर काहीही काढलं नाही, अंगठ्यानं दाबून घडी केली आणि डब्यात टाकली.

मतमोजणी एल्सेबेथकडे होती. डेअरीचा हिशेब तीच ठेवायची. तिनं चिठ्ठ्यांच्या दोन चळती केल्या, बोटानं उंची बघितली, पुन्हा मोजल्या.

"समसमान," ती म्हणाली. "आणि ही एक कोरी."

"कोरी बाद," लोणी विभागातून आवाज आला. "मग चिठ्ठी टाकून ठरवा नशिबावर."

"थांब जरा," एल्सेबेथ म्हणाली. तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चिठ्ठी दिव्याजवळ नेली. वडिलांनी कागद कंदिलाजवळ नेला होता, अगदी तशीच. "ही कोरी नाहीये. ह्यावर काहीतरी काढलंय."

"काय?"

तिनं चिठ्ठी उंच धरली. करडा डाग. अंगठ्याएवढा.

कँटीनमध्ये सगळे पुढे झुकले. टॉर्किल उठून अगदी जवळ गेला, डोळे बारीक केले, आणि हळूच म्हणाला, "वासरू."

"वासरूच आहे," चीजवाले म्हणाले.

"उभं," त्यांच्यातला एकजण घाईघाईनं म्हणाला.

प्रेबेननं घंटी वाजवली. त्याच्या कपाळाला घाम आला होता. "सभासद हो, वासरू आहे म्हटल्यावर... म्हणजे कुठेतरी त्याची... पण आधी विचारलं पाहिजे. रिग्मोर, चिठ्ठी तुझी आहे. हा तुझा अंगठा आहे, की वासरू आहे? तू म्हणशील ते वृत्तांतात जाईल."

रिग्मोर पुढे गेली. अंगठा आहे, एवढंच म्हणायचं होतं. खरंही तेच होतं. तिनं बहिणीच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. कान होते. जरासं पुढे झुकलेलं, नुकतंच उठून उभं राहिल्यासारखं. तिचा हात सवयीनं कोटाच्या खिशात सुरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पाय जरा कुत्र्यासारखे झालेत," ती म्हणाली.

एल्सेबेथनं चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. डोळे पुसायचे होते, पण हातात चिठ्ठी होती.

"नाही गं," ती म्हणाली. "वासराचेच आहेत. पायांवरूनच तर कळतं."

प्रेबेननं घंटी वाजवून ते मत 'आहे'मध्ये धरलं आणि ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. टॉर्किल खुर्चीवरच्या चित्राजवळ गेला आणि चिठ्ठी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात नीट खोचली, आईच्या पोटाशी. मग केक आला. लोणीवाल्यांनी केक घेतला नाही. वासरू बसलेलं आहे, अशी त्यांची लेखी हरकत तयार होत होती.