नकाशावरची उखडलेली टिकली

सुखराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. आमच्या केबलच्या सगळ्या लाइनी पडद्यावर हिरव्या दिसत होत्या... त्या हिरव्या रंगाकडे मला बघवेना.

सालेकशाच्या आमच्या केबल ऑफिसात सुखराम लाइनमन होता आणि मी त्याचा साहेब. चार वर्षांपूर्वी आमच्या आळीचं इंटरनेट रोज संध्याकाळी मान टाकायचं. पडद्यावर आळीतली सारी घरं लाल. मी मालकांना बेधडक सांगून टाकलं, सुखरामचे जोड कच्चे आहेत. सुखरामने वाद घातला नाही. हाताने काढलेला आळीचा नकाशा त्याने घरच्या भिंतीवर लावला आणि बायकोच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं. एकेका खांबावरची तार तो थोडा वेळ जोडातून सोडवून पाहायचा. ती सोडवल्यावर बाकीच्यांचं नेट सुधारलं, तर त्या खांबावर लाल टिकली. एकदा त्याच्या घरी ते पाहून मी हसलो. “सुखराम, नकाशाला नटवून काय वरात काढतोस?” तो म्हणाला, “साहेब, तुमचा पडदा सांगते कोण कोण बिमार हाय. बिमारी कोठून येऊन राहिली, थे नाही सांगत जी. एका घरचा कचरा साऱ्या लाइनीत चढून राहिला.”

टिकल्या खांबामागून खांब सरकत माझ्या दारापर्यंत आल्या, हे मला तेव्हाच कळलं होतं. वरच्या खोलीतल्या टीव्हीसाठी मी स्वतः तार कापून, नुसती पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळली होती. असा जोड कुणी केला तर मी लाइनमनांना फाडून खायचो! संध्याकाळी टीव्ही लागला की त्या उघड्या जोडातून कचरा लाइनीत चढायचा आणि आळी बंद. मी काय केलं? सुखरामची बदली नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या लाइनीवर करवली आणि चार दिवसांनी गुपचूप तो जोड नीट केला. पडदा हिरवा झाला. मालकांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटू दिली. पुढे सुखराम भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, “बरं झालं जी साहेब, लोकायचं नेट चालून राहिलं.” कच्च्या जोडांचा शिक्का मात्र त्याच्या नावावर शेवटपर्यंत राहिला.

तेराव्या दिवशी, तेरवीला, त्याच्या घरी गेलो. सुखरामच्या बायकोने, वहिनींनी, भिंतीवरचा नकाशा काढून माझ्या हातात दिला. “ऑफिसचा हाय, घेऊन जा.” टिकल्यांची रांग जशीच्या तशी होती, फक्त माझ्या घरावर कागद खरवडलेला. मी बोट ठेवलं तशा त्या म्हणाल्या, “थे टिकली त्याईनंच काढली जी. मालकानं पायलं त साहेबाची इज्जत जाईन, म्हणत.” मी नकाशाची गुंडाळी केली आणि निघालो.

काल बाजारातून टिकल्यांचं पाकीट आणलं. खरवडलेल्या जागी एक लावली आणि नकाशा मालकांच्या खुर्चीसमोर टांगला. ते आले, चष्मा चढवून पाहत राहिले. “ये आखरी वाला किसका घर है?”

“मेरा,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. हे सुखरामसमोर सांगायला मला चार वर्षं मिळाली होती.