नवीन आलेल्याला पानी

पान माझ्या हातात आलं. मी ओढलं पन नव्हतं, नुसतं बोट लावलं, धूळ पुसायला, आन ते सुटून आलं, खाली पिवळं पानी, कुजक्या कांद्यासारखा वास. मी दुसऱ्या झाडाला हात लावला, त्याचं पन आलं. तिसऱ्याचा अख्खा गड्डाच कलला, खाली देठ काळा, मऊ, मुळं कुठंच नाय, नुसता चिखल. अठरा झाडं होती. मी बाल्कनीत खाली बसले, जाळीला धरून, एकेकाला बोट लावत गेले, हे कडक, हे मऊ, हे मऊ, हे पन मऊ, आन तोंडातून सारखं एकच, माझी पोर गेली, माझी पोर गेली. पोर पुन्याला होती, आत्याच्या घरी, हसत-खेळत होती. तरी मी तेच म्हनत होते.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी वसईच्या पूर्वेची, हायवेच्या पलीकडची, आमची भाताची शेती. नववीपर्यंत शाळा. मानिकपूरला साड्यांच्या दुकानात कामाला होते, तिथं नवरा भेटला, जमलं, लग्न केलं. त्याची आई घाटावरची, शाळेत शिकवायची, आता रिटायर. लग्न करून तिच्या फ्लॅटच्या दारात उभी राहिले तेव्हा तिनं मला काय विचारलं नाय, त्याला विचारलं, "हिला लिहिता-वाचता येतं ना? की तेही मीच शिकवायचं?" आमच्याकडं दारात वैरी आला तरी आधी पान्याचा तांब्या देतात, मग काय ते भांडन. मला त्या दिवशी कोनी पानी दिलं नाय. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, पानी कुठंय, तर आतून आवाज आला, "पाणी म्हणायला शिक, मग मिळेल." नवरा हसला. मी पन हसले, नवी होते ना.

एप्रिलमधे मुलगी झाली. मे महिन्यात ती जेमतेम महिन्याची, घामानं अंथरून ओलं व्हायचं, तिचे ओठ मला सुकल्यासारखे दिसायचे. मी चमच्यानं पानी पाजलं, चिमूटभर साखर घालून, दिवसातून पाच-सहा वेळा. आमच्याकडं पाजतात, माझ्या आयनं मला पाजलं, मी जगले. तिसऱ्या दिवशी पोर थंड पडली, डोळे फिरवायला लागली. चार दिवस हॉस्पिटलात काचेत. डॉक्टर म्हनाले, एवढ्याशा जीवाला पानी नसतं द्यायचं, सहा महिने थेंब नाय, सगळं दुधातून मिळतं. मला कोनी सांगितलंच नव्हतं. म्हंजे सांगितलं पन असंल, पन मला नाय कळलं.

घरी आलो तर सासूनं पाळना स्वतःच्या खोलीत नेला. माझं दूध त्या चार दिवसात आटलं, डब्याचं सुरू झालं, मग मी कशाला पाहिजे? "बाटली मी देते, तू भांडी बघ." आल्यागेल्याला सांगायची, चहा माझ्याच हातून घेता घेता, "आमच्या सूनबाईंनी पोरीला पाणी पाजून संपवलंच होतं." हसत सांगायची. मी ट्रे धरून उभी.

ननंद पुन्याला असते, लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नाय. फोनवर दोघींचं काय बोलनं चालायचं ते मला ऐकू यायचं. "तिच्याकडे नको गं, वर्षभर तुझ्याकडे राहू दे." मी आत जाऊन म्हटलं, आई, मी सांभाळीन. मला शिकवा, मी करीन. तिनं चष्म्यावरून बघितलं. "तुझ्या हाताखाली जगतं काय गं? दाखव ना एक."

गनपती गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो खोका आला. सासूनं फोनवरून झाडं मागवली होती, सक्युलंट म्हनतात त्यांना, जाड्या पानांची, काही गुलाबाच्या फुलासारखी, काही बोटांसारखी. कुंड्या नाय, माती नाय, नुसती झाडं, मुळं उघडी, एकेक कागदात गुंडाळलेलं. ती पोरीला घेऊन आठ दिवस ननंदेकडं निघालीच होती, बॅगा दारात. तिनं उभ्या-उभ्या खोका फोडला, कागद काढले, झाडं मोजून टेबलावर लावली.

"ही अठरा आहेत. मी येईन तेव्हा अठरा जिवंत दिसली तर पाळणा तुझ्या खोलीत. नाही दिसली तर मुलगी पुण्याला."

नवरा म्हनाला, "अगं, आई गंमत करते."

"मी कधी गंमत करते का रे?" असं म्हनाली, पोरीची टोपी नीट केली, आन जाता-जाता वळून मला म्हनाली, "बघ हं, काळजी घे. लांबून आलीत बिचारी."

लांबून आलीत. मी त्या झाडांकडं बघितलं, मुळं सुकलेली, पानं जरा सुरकुतलेली, प्रवासात तीन-चार दिवस अंधारात. मला एवढं बरं वाटलं सांगू, कारन हे मला येत होतं! शाळेत कायच नाय आलं पन हे येतं. भाताची रोपं उपटतो आम्ही, मुळांची माती धुतो, जुड्या बांधतो, आन पान्यात उभ्या करून ठेवतो, मुळं सुकली की रोप मेलं, मग चिखलात रोवायची. बारा वर्षांची असल्यापासून मी आवनीला वाकलेली आहे. माझ्या हातचं रोप कधी आडवं पडलं नाय, आय सांगायची बायांना.

मी बादली भरली. अठराची अठरा त्यात उभी केली, गळ्यापर्यंत. दिवसभर ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. कुंड्या नव्हत्या तर आइस्क्रीमचे डबे घेतले, खाली भोकं पाडायची सुचलं नाय, भाताला कुठं भोकं लागतात? खालच्या बागेतली काळी माती आनली, शेनखत घातलं, चिखल केला, रोवली. सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पानी. दोन दिवसांत अशी फुगली! सुरकुत्या गेल्या, पानं टम्म, चकाकायला लागली. मी फोटो काढून सासूला पाठवले. तिनं अंगठा पाठवला. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, पाळना कुठं ठेवायचा ते ठरव आता. मी खोलीतला कोपरा पुसून घेतला.

सहाव्या दिवशी ते पान हातात आलं.

मी दोन डबे पिशवीत टाकले आन रिक्षानं निर्मळ गावाला गेले, तिथं एक नर्सरीवाली आहे, म्हातारी, गाऊन घालते, गळ्यात क्रॉस. तिनं डब्यात बोट घातलं, वास घेतला, आन मोठ्यानं हसली.

"अगं बाय, भात लावलास काय?"

मी हो म्हटलं. ती हसायची थांबली नाय, मागच्या कामवालीला पन हाक मारून दाखवलं. "ये गं, बघ, आमटी केली हिनं. फोडनी तेवढी राहिली."

मी रडायला लागले तेव्हा तिनं मला उलट्या पाटीवर बसवलं आन सांगितलं. ही झाडं पानी पोटात घेऊनच येतात, त्यांच्या पानांत असतं सगळं. उपटताना मुळं तुटतात, ती जखम आधी सुकायला पाहिजे. आली की नुसती सावलीत पसरून ठेवायची, चार-पाच दिवस, बघायचं पन नाय. मग भोकाच्या कुंडीत, रेताड कोरड्या मातीत रोवायची, तरी पानी नाय. आनखी आठवडाभर नाय. मग एकदाच, भरपूर, खालून वाहून जाईल एवढं, आन परत माती पार सुकेपर्यंत हात लावायचा नाय. सुरकुतली दिसतात तेव्हाच आपल्याला दया येते, ती म्हनाली, आन दयेनंच मरतात. "नवीन आलेल्याला पानी नसतं द्यायचं, बाय."

हे मी आधी पन ऐकलं होतं. काचेच्या बाहेर उभी राहून.

तिनं सुरी दिली, फुकट. काळा भाग दिसतोय तोपर्यंत कापत जा, आत स्वच्छ पांढरं-हिरवं लागलं तिथं थांब. घरी येऊन मी एकेक कापत गेले. कापलं की काळं, अजून कापलं, अजून काळं, शेवटी हातात काय उरायचं नाय. अठरातली पाच उरली, अंगठ्याएवढी मुंडकी. ती पेपरवर सावलीत पसरली. पानी दिलं नाय. त्यांच्याकडं बघत बसले, घसा कोरडा पडला तरी उठून प्याले नाय.

सासू आली तेव्हा ननंदही बरोबर आली, गाडीनं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पोर ननंदेच्या कडेवर झोपलेली. सासू सरळ बाल्कनीत गेली, पेपरवरची पाच मुंडकी बघितली. सोफ्यावर बसली, पर्स उघडली, त्यातून एक कागद काढला, चार घड्या घातलेला. इंग्रजीतला. चष्मा लावून मराठीत वाचून दाखवला, वर्गात वाचतात तसा, सावकाश.

"रोपे मिळाल्यावर लगेच पाणी घालू नये. मुळे सुकू द्यावीत. लावल्यानंतर किमान सात दिवस पाणी देऊ नये."

मी म्हटलं, "आई, हा कागद खोक्यात होता?"

"खोक्यातच होता."

"मग तुमच्याजवळ कसा?"

"तुझ्याजवळ ठेवून काय उपयोग होता? तुला वाचता येतं?"

नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाय केला, कमी केला. मी त्याच्याकडं बघितलं, तो म्हनाला, "फोटो काढून कोणालातरी विचारायचं ना तू." कशाचा फोटो, ते त्यानं सांगितलं नाय.

तेवढ्यात पोर जागी झाली, रडली, माझ्याकडं हात केले. माझ्याकडंच केले, ननंदेनं पन बघितलं. मी घेतली तिला. अंग गरम, केसांना दुसऱ्याच तेलाचा वास. ननंदेनं बाटली बॅगेत भरली, दुपटी भरली, चपला घातल्या आन दारात हात पुढे करून उभी राहिली. सासूनं पाठीवर हात ठेवला माझ्या, पहिल्यांदाच, आन एकदम मऊ आवाजात म्हनाली, "तू वाईट नाहीस गं. तुझ्या हाताला गुण नाही. पोरीवर प्रयोग नको ना आता."

तिनं कागद लपवला होता, हे मला कळलं होतं, मी बिनडोक नाय. मी दाराला कडी लावू शकले असते. आयकडं जाऊ शकले असते, रिक्षा खाली उभीच असते. पन माझ्या डोळ्यासमोर ती सुटून येनारी पानं होती, नुसतं बोट लावलं की येनारी, आन माझं बोट पोरीच्या गालावर होतं.

मी दिली. कोनी ओढून नाय घेतली, मीच दिली.

आता ती दीड वर्षाची आहे. फोनवर दिसते, ननंदेला मम्मा म्हनते, मला बघून हसते, जशी कुनालाही हसते. वर्षभर म्हनाले होते, वर्ष होऊन गेलं. ती पाच झाडं जगली. आता सतरा झालीत, पिल्लं सुटली त्यांना. आल्यागेल्याला सासू बाल्कनीत नेऊन दाखवते, पानी कधी द्यायचं ते सांगते. मीच देते, बारा-पंधरा दिवसांनी, माती बोटानं बघून. एकही मेलं नाय अजून.

तुम्ही सांगा. तुमच्या हातून दोनदा असं झालं असतं, आन समोर कोनी हात पुढे करून उभं असतं, तुमची पोर तुमच्या कडेवर असती, तर तुम्ही काय केलं असतं?