धोट्याच्या लाकडाचा मासा

धोंडूदादा गेल्याची बातमी चाळीत आली तेव्हा सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, गोळी कुठे लागली? दिवसच तसे होते. हरताळाने गिरण्या बंद, नाक्यानाक्यावर पोलीस, भिंतीभिंतीवर ‘संयुक्त महाराष्ट्र’. पण दादाला गोळी लागली नव्हती. तो वरळीच्या खडकांत बुडाला होता. हे कळल्यावर जिन्यात जमलेली माणसं हळूहळू पांगली, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. मरणातही लोक प्रतवारी लावतात...

आम्ही दोघं एकाच गावचे. परळच्या एका खोलीत आणखी अकरा जणांबरोबर वळकट्या टाकून राहायचो. तो मागावर कामाला, मी सूतखात्यात. सुट्टीच्या दिवशी तो गळ घेऊन वरळी गाठायचा आणि त्याचा सगळा जीव तांबोशीवर. ही तांबडी मासळी दगडांच्या कपारीत राहते आणि तिचे दात असे, की लाकडाच्या खोट्या माशाचाही भुगा करते. म्हणून दादाला टिकाऊ आमिष हवं होतं. गिरगावातल्या एका दुकानात विलायती लाकडी मासे मिळायचे, रंगवलेले, काचेचे डोळे लावलेले. दादाने एक उचलला आणि सरळ दाढेखाली धरून कचकन चावला. “अहो, तो काय ऊस आहे?” दुकानदार ओरडला. दादा ओठाला लागलेला रंग पुसत शांतपणे म्हणाला, “माझ्या दातान रंग सुटलो. मगे तांबोशी काय ठेवतली?” आम्हाला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. चर्नी रोडपर्यंत मी हसत होतो.

मग त्याने खात्यातून मोडका धोटा मागून आणला. आडवा धागा घेऊन दिवसभर मागावर इकडून तिकडे आपटत धावणारं ते लाकूड. “जल्मभर मार खाल्लेलां लाकूड आसा ह्यां,” तो म्हणाला, “फुटाचां नाय.” कित्येक रविवार तासून त्याने त्याचा मासा केला. लाकूड चिरलं तरी गळ सुटू नये म्हणून डोक्यापासून शेपटीपर्यंत आरपार पितळी तार घातली. रंग नाहीच, नुसतं तेल. शेवटी तोही चावून पाहिला आणि दाताची खूण उमटली नाही तेव्हा कुठे स्वारी हसली.

पहिल्याच तांबोशीने दोरी तोडून तो मासा पळवला. दादा त्या दिवशी जेवला नाही. ओहोटीला खडक धुंडाळून त्याने तो परत आणला आणि मला म्हणाला, “तुझ्या खात्यात सूत आसा. माका तुटाची नाय अशी दोरी दी.” मी दिली. टाकाऊ सुताचे पदर वळले, मेण चोळलं, खिडकीच्या गजाला बांधून आम्ही दोघं तिला लोंबकळलो. तुटली नाही. तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता!

हरताळात खानावळ बंद पडली. दोन दिवस चण्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मोर्चाला चल म्हणालो. “मोर्च्यातसून येऊन खाशीत काय? एक तांबोशी गावली तर तेरा जणांचां जेवान होतलां,” म्हणत तो उलट्या दिशेने निघाला.

पुढचं मला तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने सांगितलं. लाकडी मासा कपारीत अडकला होता, भरती चढत होती. दोरी मनगटाला गुंडाळलेली. “काप ती दोरी!” म्हणून कोळी ओरडत राहिला. दुकानातलं आमिष असतं तर दादाने कापलीही असती. तो दोरी धरून पाण्यात उतरला, मासा सोडवायला. दोन लाटा आल्या. दुपारी त्याला बाहेर काढलं ते त्या दोरीनेच.

गावी मात्र निरोप पोचला होता, धोंडू चळवळीत गेला. तेराव्याला मी गेलो तर ओटीवर माणसं आदराने बसलेली. वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, “भावजीनू, गोळी खय लागली?” मी म्हणालो, “छातीत.” तिने डोळे पुसले आणि मान ताठ करून बसली...

दादा गेला त्याच दिवशी ओहोटीला कोळ्याने पहारीने तो मासा कपारीतून काढून दिला होता. त्याचा टवकाही उडालेला नाही. आता तो आमच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. परवा मी तो दाढेखाली धरून पाहिला. खरंच खूण उमटत नाही.

वहिनी, तुम्हाला वाचता येत नाही, पण हे कुणीतरी वाचून दाखवील. दादाच्या छातीत काही लागलं नव्हतं. मनगटावर दोरीचा वळ होता, आणि ती दोरी मी वळली होती.