कंबल कीडा

ऑक्टोबरचा पहिला रविवार. कांबळी उन्हात टाकताना लोकरीच्या वासाने अधारतालचं जुनं अंगण आठवलं.

धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या मानेवर गांध्या उठल्या होत्या. शेजारची चाची आईला म्हणाली, "कंबल कीड़ा लगा है, दीदी." नागपूरहून या हिंदी मुलखात नवीनच आलेल्या आईला वाटलं, कीड कांबळ्यात आहे. तिने ते शेवग्याखालच्या दोरीवर दिवसभर वाळवलं आणि सुमीला त्यातच गुंडाळलं.

"आई, हे काहून टोचून राहिलं?"

"कीड मरून राहिली. चूप झोप."

सुमीचा गळा सुजला. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचीने मला दोरीच्या वरच्या फांदीवरचे केसाळ सुरवंट दाखवले. "यही तो है कंबल कीड़ा."

मी म्हटलं, "चाची, आई को मत बताना."