बसू जुळवून घेणारा नव्हता

तो फ्लेक्स आधी खाली उतरवा.

कंपनीच्या गेटवर लावलाय. बसूचा फोटो आणि खाली, "मनमिळाऊ, सर्वांशी जुळवून घेणारे आमचे बसवराज."

जुळवून घेणारे? बसू?
अरे, मेलेल्या माणसाबद्दल तरी खोटं बोलू नका की!

काल माझा मित्र गेला. हार्ट अटॅक. कंपनीत आमची टेबलं शेजारी शेजारी होती.

नव्वदच्या दशकात अणुवीज केंद्राच्या बॅटऱ्यांचं टेंडर आलं. बाहेरची लाईट गेली, जनरेटरही चालू झाला नाही, तर रिअ‍ॅक्टर थंड ठेवणारे व्हॉल्व्ह आणि मीटर ह्याच बॅटऱ्यांवर चालणार. त्या किती मोठ्या हव्यात, हे बसूनं काढायचं होतं.

साहेब म्हणाले, "नवी बॅटरी धरून calculation कर. साइज खाली येतो, किंमत खाली येते, टेंडर आपलं."

बसू म्हणाला, "साहेब, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं दूध पिताय न्हवं? पेला भरलेला दिसतोय, पण वर फेस असतोय. तुम्ही फेस मोजताय. फेस बसल्यावर किती उरतंय, ते मी मोजतोय."

बरोबरच होतं त्याचं. बॅटरी म्हातारी होते, ताकद घटते. लाईट काय बॅटरी नवी असतानाच जाईल, असं कुणी लिहून दिलंय?

"थोडं adjust कर रे."
"न्हाय जमत. तुम्ही करा की सही."

साहेबांनी केली? छे! फाटली त्यांची.
बसूच्याच आकड्यानं टेंडर भरलं, हातचं गेलं, आणि खापर बसूच्या डोक्यावर.

Design मधून उचलून कागलच्या युनिटला dispatch मध्ये टाकला. ट्रक मोजायला! प्रमोशन कायमचं गेलं. कँटीनमध्ये लोक हाक मारायचे, "काय फेसवाले!" तो हसायचा. माझं डोकं फिरायचं.

काल मातीला तेच साहेब आले. पांढरा शर्ट, काळा गॉगल. वहिनींसमोर हात जोडून म्हणतात, "फार adjusting माणूस होता."

मी पुढं सरकलोच होतो. वहिनींनी हातानंच थांबवलं.

"न्हाय ओ साहेब," त्या म्हणाल्या. "Adjust आम्ही केलं. मी केलं, पोरांनी केलं. त्यांनी कधीच न्हाय."

साहेब गॉगल सावरत मागं सरकले.

वहिनी, फ्लेक्सवर हे लिहायला पाहिजे होतं.

जा भावा बसू. रडू येतंय, पण राग त्याच्या आधी येतोय.
रागातच निरोप देतोय. गोड मानून घे.